कास्ट आयर्न ३५० चं सुटं इंजिन आहे, फ्रेम कुठली घेऊ?

साखळीचा_नवशिका

नमस्कार मंडळी. पहिलीच गाडी बांधायला घेतोय, म्हणून पैसे घालण्याआधी विचारून घेतो.

हातात आहे ते असं: स्टँडर्ड ३५० बुलेटचं कास्ट आयर्न इंजिन, चार गिअरच्या गिअरबॉक्ससकट, उजव्या पायाचे गिअर. काकांच्या जुन्या गाडीतलं. किक मारली की कॉम्प्रेशन लागतं, क्रँककेसला कुठे तडा दिसत नाही. बनवायचं आहे साधं बॉबर. एक सीट, आखूड मडगार्ड, मागचं टायर थोडं रुंद.

फ्रेमचे चार पर्याय समोर आहेत.

१) फोंड्याला भंगारात जुन्या बुलेटची फ्रेम. कागद नाहीत.
२) म्हापशाला थंडरबर्डची फ्रेम, एव्हीएल (कास्ट आयर्ननंतरच्या पिढीच्या) इंजिनवाली. आरसी आहे, पण विकणारा आणि आरसीवरचा मालक वेगळे.
३) पल्सर २२० ची फ्रेम, ओळखीतून फुकट.
४) फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइप वाकवून नवीन फ्रेम.

यातलं काय घ्यावं? आणि इंजिन बसेल की नाही हे फ्रेम विकत घेण्याआधीच कसं ओळखायचं? काय मोजायचं ते सविस्तर सांगितलंत तर उपकार होतील.

---

बेतोड्याचा_वेल्डर

पल्सरची फ्रेम फुकट असली तरी आणू नकोस. कारण समजून घे, म्हणजे पुढे कुठलीही फ्रेम बघताना उपयोगी पडेल.

बुलेटच्या फ्रेमला इंजिनाखालून जाणारा पाइपच नसतो. पुढचा एकच पाइप खाली येतो आणि इंजिनच्या पुढच्या प्लेटपाशी संपतो. तिथपासून मागच्या प्लेटपर्यंतची मोकळी जागा इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून जोडतात, म्हणजे इंजिन हा फ्रेमचाच एक भाग. पल्सर २२० ला डबल क्रेडल आहे, दोन पाइप इंजिनाखालून फिरून मागे जातात. कास्ट आयर्न इंजिनची ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली असते, त्यामुळे केस खोल आणि मागे फुगीर. शिवाय गिअरबॉक्स वेगळा, केसच्या पाठीला स्टडवर बसवलेला. त्यामुळे पुढच्या माउंटपासून गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी हल्लीच्या एकसंध इंजिनांपेक्षा बरीच जास्त होते, आणि चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या, पिनेच्या पुढे ती मावत नाही. मग गॅरेजवाले खालचे पाइप कापून जागा करतात. पाइप कापले की जोराचा ब्रेक मारताना पुढच्या पाइपला मागे वाकण्यापासून अडवणारं काही उरत नाही, आणि हँडलच्या सॉकेटमागचा जोड तडकतो.

थंडरबर्ड एव्हीएलची फ्रेम घराण्यातली आहे, पण इंजिन प्लेट, हेड स्टे आणि कार्ब्युरेटरची जागा जुळवावी लागेल. प्रत्यक्ष इंजिन लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आणि कोणी यूसीईची, म्हणजे २००९ नंतरच्या क्लासिकची फ्रेम दाखवली तर लगेच नको म्हण. त्यात इंजिन-गिअरबॉक्स एकत्र ओतलेले, माउंटच्या जागा पूर्ण वेगळ्या.

फ्रेम कुठलीही घेतलीस तरी दोन गोष्टी लिहून ठेव.

हेड स्टे, म्हणजे हेडपासून वरच्या पाइपला जाणारी पट्टी, कधीही गाळायची नाही. बॉबर करताना टाकीखाली ‘स्वच्छ दिसावं’ म्हणून ती काढून टाकतात. एका सिलिंडरचा धक्का मग सगळा खालच्या प्लेटांवर येतो. आधी पुढच्या प्लेटचे बोल्ट ढिले होतात, मग त्यांची भोकं लंबगोल होतात, मग टाकीचे ब्रॅकेट तुटतात. याच क्रमाने.

दुसरी गोष्ट, फट बोल्टने ओढायची नाही. समज, प्लेट आणि क्रँककेसचा कान यांच्यात दीड मिमी फट राहिली. पान्याने आवळलं की फट मिटते, बाहेरून सगळं चोख दिसतं. पण स्टील वाकत नाही, केस मात्र कास्ट आयर्नची नसते (फक्त सिलिंडर असतो), त्यामुळे तिचा अॅल्युमिनियमचा कान ओढला जातो आणि थोडं चालल्यावर मुळाशी तडकतो. तडा नेमका ऑइलच्या बाजूला जातो आणि केस बाद होते. फीलर गेजने फट मोजायची, लेथवाल्याकडून तेवढ्या जाडीचा वायसर करून घ्यायचा. सगळे बोल्ट हाताने आत सरकले पाहिजेत, हातोड्याने नव्हे. जुन्या बुलेटचे बरेच आटे ब्रिटिश मापाचे आहेत. मेट्रिक बोल्ट पहिले दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. तिथे जोर केलास तर केसमधले आटे गेले.

---

कागदपत्र_आधी

वेल्डर बाबनी मेकॅनिकल बाजू मांडली, मी कागदांची मांडतो. पहिल्या गाडीत इथेच जास्त लोक अडकतात.

भारतात गाडीची ओळख चेसिस नंबरवर चालते. इंजिन बदलता येतं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन घातलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची सोय आहे. फ्रेमचं तसं नाही. फ्रेम बदलली म्हणजे गाडीच दुसरी. घरी बांधलेल्या फ्रेमला कंपनीने ठोकलेला नंबर नाही, त्यामुळे पर्याय ४ ची गाडी रस्त्यासाठी नोंदवायचा सरळ मार्ग तुमच्याकडे नाही. प्रदर्शनात ठेवायची असेल तरच तो विचार करा.

पर्याय १ तर अजिबात नको. कागद नसलेली फ्रेम चोरीच्या गाडीची असू शकते, आणि नंबर घासलेला निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. पर्याय २ मध्ये आरसीवरच्या मालकाची सही असलेले नमुना २९ आणि ३० हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. एम-परिवहनवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, काळी यादी, नोंदणीची मुदत बघा. शिवाय ती गाडी नंतरच्या प्रदूषण नियमांत नोंदलेली असेल. तिच्या आरसीवर जुनं कास्ट आयर्न इंजिन चढवायला अधिकारी तयार होणं कठीण.

बदल किती करायचे यावरही मर्यादा आहे. कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलेटच्या आरसीवर आसनक्षमता २ असते. त्यामुळे एक सीट हवी असेल तर मागचा लूप (सीटखालून मागे जाणारा फ्रेमचा वळसा) कापू नका. मूळ सीटचे ब्रॅकेट जागेवर ठेवा आणि एकटी सीट बोल्टने लावा, म्हणजे तपासणीच्या दिवशी मूळ सीट परत चढवता येईल.

आता तुम्हालाच एक प्रश्न. काकांच्या गाडीतून इंजिन निघालं, तर काकांच्या गाडीची फ्रेम कुठे आहे?

---

साखळीचा_नवशिका

फ्रेम घरामागे शेडमध्ये पडून आहे. जीडी पासिंगची गाडी, जीए नंबर सुरू होण्याआधीची. आरसीचं पुस्तक काकांकडे आहे, गाडी त्यांच्याच नावावर. फ्रेम मी धरलीच नव्हती, कारण सीट ट्यूबचा (सीटखालच्या उभ्या पाइपचा) खालचा भाग गंजून गेलाय. बॅटरीच्या खाली, स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आत जातो. मागच्या लूपलाही एका बाजूला खड्डे पडलेत. हँडलकडचा भाग मात्र ठणठणीत दिसतो, नंबर वाचता येतो.

---

कागदपत्र_आधी

मग शोध इथेच थांबवा. इंजिन नंबर आरसीशी जुळतो, चेसिस नंबर जुळतो, मालक घरातला. याहून चांगली फ्रेम तुम्हाला गोव्यात कुठे मिळणार नाही. गंजलेला पाइप त्याच मापाच्या पाइपने बदलणं ही दुरुस्ती आहे, गाडीचा तपशील त्याने बदलत नाही.

क्रम असा ठेवा. पुस्तक घेऊन डिचोलीच्या आरटीओ कार्यालयात जा आणि जुनी नोंद संगणकावर चढली आहे का ते विचारा. जुन्या जीडी गाड्यांच्या नोंदी कधी कधी ‘वाहन’ प्रणालीत सापडत नाहीत, त्यांची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत नूतनीकरणाचा अर्जच भरता येत नाही. मूळ नोंदणी दुसऱ्या कार्यालयाची असेल तर ते आधी तिकडे पाठवतील. नंतर नमुना २५ भरून नूतनीकरण. गाडी तपासणीला न्यावी लागते आणि चेसिस नंबरची पेन्सिल छाप घेतात. ते झालं की नमुना २९ आणि ३० ने गाडी तुमच्या नावावर.

गाडी मूळ स्थितीत जोडून नूतनीकरण करून घ्या, बॉबरचं सामान त्यानंतर चढवा. आणि वेल्डिंग सुरू करण्याआधी फ्रेमचे, नंबरचे, गंजलेल्या भागाचे फोटो तारखेसह काढून ठेवा. दुरुस्ती कुठे झाली आणि नंबरला हात लागलेला नाही, हे उद्या दाखवता आलं पाहिजे.

---

गुनिया_आणि_ओळंबा

फ्रेम घरची असली तरी आधी ती सरळ आहे का ते तपासा. वाकडी फ्रेम जोडून घेतलीत तर वाकडेपणा कायमचा पक्का होईल.

प्रथम डोळ्यांनी बघा. हँडलच्या सॉकेटच्या मागे, जिथे वरचा आणि पुढचा पाइप जुळतात, तिथे रंगाला आडव्या सुरकुत्या आहेत का? पुढचा पाइप बाजूने बघितल्यावर मध्ये मागे वळलेला वाटतो का? हँडलचा स्टॉपर एकाच बाजूला चेपलाय का? यातलं काहीही दिसलं तर गाडी समोरून आपटलेली आहे.

मोजणी अशी करा. कोनसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) वाट्या काढा. सॉकेटमधून एक सरळ रॉड घाला आणि दोन्ही टोकांना लेथवर केलेले कोन लावून तो नेमका मध्यात बसवा. चिमट्याच्या पिनेच्या जागी दुसरा सरळ रॉड, दोन्हीकडे निदान ३०० मिमी बाहेर येईल इतका लांब. फ्रेम टेबलावर घट्ट बांधा आणि पिनेचा रॉड पाणसळीने आडवा करा. आता मागे उभं राहून सॉकेटच्या रॉडशेजारी ओळंबा सोडा. मागून बघताना दोन्ही समांतर दिसले पाहिजेत. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर फ्रेम पिळलेली आहे. फोनमधलं कोन मोजायचं अॅप इथे चालतं, पण दोन्ही रॉडवर त्याच फोनची तीच कड लावा.

नंतर तिरकी मापं. सॉकेटच्या खालच्या मध्यापासून पिनेच्या रॉडवर डाव्या बाजूला मध्यापासून २०० मिमीवर खूण, उजव्या बाजूला तशीच. दोन्ही अंतरं मोजा. २ मिमीपर्यंतचा फरक चालवून घेता येतो.

आता गंज. आपल्याकडे फ्रेम बाहेरून सडते त्याहून जास्त आतून सडते, कारण पावसाळ्यात सीटखालच्या उघड्या टोकांतून पाणी शिरतं आणि तळाशी साचून राहतं. किनाऱ्यालगतच्या गाडीला त्यात खारी हवा. लहान बॉलपीन हातोडीने पाइप दर २० मिमीवर हलकेच ठोका. निरोगी पाइप खणखणतो, पातळ पडलेला बद्द आवाज देतो. आवाज बदलला तिथे खडूने खूण करा. तुम्हाला भोक दिसतं तिथेच कापून चालणार नाही, कारण भोकाच्या आजूबाजूचा बराच भाग कागदासारखा झालेला असतो. खात्री हवी असेल तर अल्ट्रासॉनिक जाडीमापक वापरा. झुवारी आणि मांडवीच्या काठाला बार्ज दुरुस्तीच्या यार्डांत तळाच्या पत्र्याची जाडी याच यंत्राने मोजतात, तिथे काम करणारा कोणी ओळखीचा असेल तर विचारा. रंग खरवडून, जेल लावून, लहान तोंडाच्या प्रोबने मोजायचं. गोल पाइपवर मोठा प्रोब चुकीचा आकडा दाखवतो.

कोणाकडे दुसरं इंजिन आणि परकी फ्रेम असेल तर त्यांच्यासाठी: १२ मिमी प्लायवुडचा साचा करा. इंजिन आडवं ठेवून सगळ्या माउंटच्या भोकांचे मध्य, स्प्रॉकेटचा मध्य, हेडचं सर्वांत उंच टोक आणि तळाचं सर्वांत खालचं टोक प्लायवर उतरवा. हा साचा फ्रेममध्ये धरून बघितला की पाच मिनिटांत निकाल लागतो. भोवती किमान १० मिमी जागा राहिली पाहिजे, टाकी काढून हेड वर उचलता आलं पाहिजे, आणि किक पूर्ण खाली जाईपर्यंत कुठे अडता कामा नये.

---

साखळीचा_नवशिका

मोजून आलो. पिनेचा रॉड आणि सॉकेट यांत फरक दिसत नाही. तिरकी मापं: डावं आणि उजवं यांत एक मिमीच्या आसपास फरक. आवाज बद्द येतो तो सीट ट्यूबच्या तळापासून वर साधारण १२० मिमीपर्यंत, आणि डाव्या लूपवर ८० मिमीच्या पट्ट्यात.

सत्तरीतल्या होंडा गावाच्या रस्त्याला ट्रकच्या चेसिसचं काम करणारे वेल्डर आहेत. त्यांच्याकडे दिलं तर चालेल ना?

---

बेतोड्याचा_वेल्डर

मापं चांगली आहेत. फ्रेम वाचेल.

ट्रकवाल्याकडे देऊ नकोस. त्यांचं काम वाईट म्हणून नाही, धातूची जाडी वेगळी म्हणून. खाणपट्ट्यातले हात सहा-आठ मिमी जाड चॅनेलवर आर्क वेल्डिंग करून तयार झालेत. अडीच-तीन मिमीच्या पाइपवर तोच करंट लावला तर भोक पडतं, आणि ते भरायला रॉडवर रॉड चढवत जातात. आर्गन (टिग) वेल्डिंग करणारा शोध. फोंड्याच्या आसपास कुंडई, मडकई, बेतोडा या वसाहतींत स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइपलाइन करणारे लोक आहेत, त्यांचा हात पातळ पाइपवर बसलेला असतो. फिलर मात्र माइल्ड स्टीलची, ईआर ७०एस-२ किंवा ७०एस-६. स्टेनलेसची फिलर लावू देऊ नकोस.

कापण्याआधी जिग, म्हणजे फ्रेम जागच्या जागी पक्की धरणारा सांगाडा. ७५ मिमीचं चॅनेल, दीड मीटर लांब, जमिनीला किंवा जड टेबलाला बोल्टने पक्कं. त्यावर सॉकेट दोन कोनांत धरायचं, चिमट्याची पिन दोन उभ्या पट्ट्यांत. आणि इंजिनच्या जागी रिकामी क्रँककेस आणि रिकामा गिअरबॉक्स सगळ्या प्लेटांसकट आवळून. बुलेटमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण सीट ट्यूबचं खालचं टोक आणि गिअरबॉक्स प्लेटची भोकं यांचं नातं हललं की पुढचं सगळं हलतं. तुझं चालू इंजिन मात्र जिगमध्ये धरू नकोस. वेल्डिंगचा करंट क्रँकच्या बेअरिंगमधून गेला तर छऱ्यांवर बारीक ठिणग्यांचे डाग पडतात. तुटक्या कानाची नको असलेली केस भंगारात मिळते, पण माउंटची भोकं सगळी शाबूत असलेली बघून घे.

आता जोड. बद्द आवाज १२० मिमीपर्यंत आहे म्हणतोस, तर १५०-१६० वर काप. निरोगी धातूत गेल्याशिवाय जोड धरत नाही. नवा पाइप सीमलेस घे. रंग काढून चार ठिकाणी व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोज, कापलेल्या तोंडावर जाडी मोज, आणि तेच माप घे. बाजारात नेमकं नसेल तर थोडा जाड चालेल, पातळ कधीच नाही. तसा पाइप इथे नाही सापडला तर बेळगावला उद्यमबाग किंवा कोल्हापूरला उद्यमनगर.

आतून बाही घालायची. म्हणजे जुन्या आणि नव्या पाइपच्या आत घट्ट सरकणारा तुकडा, लांबी पाइपच्या व्यासाच्या तिप्पट, निम्मा इकडे निम्मा तिकडे. पाइपला दोन्ही बाजूंना ८ मिमीची दोन-दोन भोकं, एकमेकांशी काटकोनात, आणि ती वेल्डने भरायची, म्हणजे बाही आत पकडली जाते. दोन टोकांमध्ये २ मिमी फट आणि कडांना उतार, म्हणजे वेल्ड बाहीपर्यंत पोचतो. काप सरळ आडवा न ठेवता तिरका घेतलास तर वाकण्याचा ताण एकाच वर्तुळावर येत नाही.

आधी चार टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), समोरासमोर. जिगमधला बोल्ट हाताने फिरतोय का बघ. मग एका बाजूला एक इंच, थांब, समोरच्या बाजूला एक इंच. वेल्ड थंड होताना धातू ओढला जातो आणि घाई केली तर सीट ट्यूब गरम बाजूकडे झुकते. थंड करायला पाणी ओतायचं नाही. जिगमधून फ्रेम पूर्ण गार झाल्यावरच सोडायची.

एक जागा नीट बघ. लगच्या (पाइपचं टोक आत बसवतात त्या ओतीव तुकड्याच्या) जोडांवर खरवडल्यावर पिवळट धातू दिसला तर ते पितळेचं ब्रेझिंग आहे. तिथे आर्गन लावू नकोस. वितळलेलं तांबं-पितळ स्टीलच्या कणांमध्ये शिरतं आणि जोड गार होतानाच केसाएवढ्या तड्यांनी भरतो. तसा जोड सुटला असेल तर तो पुन्हा ब्रेझच करावा लागतो. तुझा नवा वेल्डही पितळेपासून निदान ३० मिमी दूर ठेव.

लूपच्या ८० मिमीसाठी हीच पद्धत, आणखी लिहीत नाही.

---

चोर्ला_उतार

मागच्या टायरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. बुलेटची चेन डावीकडे आणि टायरला लगटून जाते. ३.२५ वरून ४.०० इंचाच्या टायरवर गेलात तर प्रत्येक बाजूला साधारण साडेनऊ मिमी वाढतात. १३० मिमीचं टायर घातलं तर पावणेचोवीसच्या आसपास. मग चेन बाहेर काढायला मागचं स्प्रॉकेट बाहेर, ते काढलं की गिअरबॉक्सचं स्प्रॉकेटही बाहेर, आणि तिथे प्रायमरी केस (इंजिनपासून क्लचपर्यंतच्या चेनचं झाकण) आडवी येते. म्हणून ४.०० वर थांबा आणि टायर बसवल्यावर चेन व टायर यांत सगळीकडे किमान ६ मिमी राहतात का ते चाक फिरवून बघा. चेनची रेषा सरळपट्टीने तपासा. पट्टी पुढच्या स्प्रॉकेटच्या तोंडाला टेकवून मागे न्यायची, फरक २ मिमीच्या आत हवा.

पुढून गाडी खाली करायचा मोह होईल. हिशेब बघा. सॉकेटचा कोन उभ्या रेषेपासून २७ अंश, चाकाची त्रिज्या ३२५ मिमी, टीचा (पुढच्या फोर्कचे दोन्ही पाइप धरणाऱ्या तुकड्याचा) ऑफसेट ५० मिमी धरला तर ट्रेल, म्हणजे सॉकेटची रेषा जमिनीला लागते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, ११० मिमीच्या आसपास येतो. व्हीलबेस सुमारे १३७० मिमी आहे, म्हणजे पुढून ३० मिमी खाली केलं की कोन सव्वा अंशाने उभा होतो आणि ट्रेल १०१ वर येतो. तेवढं चालतं. पण त्यासोबत मागे लांब शॉकअप घातलेत तर दोन्हीचा परिणाम एकत्र होतो. चोर्ल्याच्या उतारावर वळणात हँडल हलकं लागायला लागेल. पुढे खाली केलं तर मागेही तेवढंच खाली करा.

---

साखळीचा_नवशिका

सगळ्यांचे मनापासून आभार. थंडरबर्डवाल्याला नको म्हणून कळवलं. काकांशी बोलणं झालंय, पुस्तक घेऊन डिचोलीला जातोय.

शेवटचं एक: वेल्डिंग झाल्यावर पावडर कोटिंग करू की रंग?

---

बेतोड्याचा_वेल्डर

रंग. पावडर कोटिंग दिसायला छान, पण दगड लागून टवका उडाला की खालून पाणी शिरतं आणि थर वरून शाबूत दिसत असताना आत गंज पसरतो. शिवाय कोटिंग जाड असतं. तुझ्या नव्या जोडाला पुढेमागे तडा गेला तर तो रंगावर लवकर उमटतो, कोटिंगखाली दडून राहतो. झिंकवाला इपॉक्सी प्रायमर, त्यावर पीयू रंग.

सँडब्लास्टिंगला देण्याआधी चेसिस नंबरवर जाड टेपचे चार-पाच थर लावून वर पत्र्याचा तुकडा बांध. वाळूने अंक बोथट होतात आणि नंतर पेन्सिल छाप उमटत नाही. नंबरवर पुट्टी भरायची नाही, प्रायमरचाही एकच पातळ हात. सॉकेटच्या वाट्यांची जागा, चिमट्याच्या पिनेचं भोक, इंजिन प्लेट टेकतात ते सगळे भाग आणि वायरिंगचा अर्थिंगचा बोल्ट, हे सगळं कोरं ठेव. प्लेटखाली रंगाचा थर राहिला तर तो दाबाने बसत जातो आणि आवळलेला बोल्ट आपोआप ढिला होतो.

रंग सुकला की सीटखालच्या उघड्या टोकांतून पाइपच्या आत कॅव्हिटी वॅक्स फवार, फ्रेम दोन-तीन बाजूंना कलती कर म्हणजे ते सगळीकडे पसरेल, आणि टोकांना रबरी बूच मार. तळाशी पाणी निघायचं मूळ भोक असेल तर तेवढं मोकळं ठेव. पहिले ५०० किलोमीटर झाले की इंजिन प्लेट आणि हेड स्टेचे सगळे बोल्ट पुन्हा आवळ, आणि दोन्ही नव्या जोडांवरून कापड फिरवून बघ. धागा अडकला तर तिथे रंग काढून तपास.